ठेव मोडायची नाही

४ जुलै
लेकीची, रुचाची, फार्मसी कॉलेजची दुसऱ्या वर्षाची फी, दीड लाख, २०ला शेवटची तारीख. पतसंस्थेतली ठेव १८ला पूर्ण होते. चिंता शून्य. संगमनेरात वीस वर्षं कॉमर्स शिकवतोय, पैशाला कसला घाबरतो?

७ जुलै
छगनच्या किराणा दुकानात चर्चा: आपली पतसंस्था बुडणार. म्हणे व्हॉट्सॲपवर आलंय. हसलो. अफवेवर पैसे हलवायचे नसतात, असं छगनला समजावलं. घरी येऊन बीपीची गोळी दुसऱ्यांदा घेतली. खबरदारी.

८ जुलै, पहाटे
झोप नाही. डास. बायको, लीना, म्हणते, आधी चेअरमनला विचारा. ती बालवाडीत शिकवते, तिला यातलं काय कळणार? निर्धार: ठेव मोडायची नाही.

८ जुलै, दुपार
नुसती चौकशी करायला गेलो होतो. काउंटरवर मी एकटाच. मागून गल्लीतल्या आक्काबाई आल्या. म्हणाल्या, "सर सोता आल्यात म्हंजी काईतरी हाय." तासाभरात रांग रस्त्यापर्यंत. एवढी गर्दी बघून माझी खात्रीच पटली. ठेव मोडली. व्याज कापलं गेलं. जीव वाचला.

९ जुलै
बसस्टँडमागे नवी पतसंस्था. तेरा टक्के. एसी, चहा, मॅनेजर दर वाक्याला सर म्हणतो. कागदावर मुदत वर्षाची, पण तोंडी सांगितलंय, हवे तेव्हा घेऊन जा. लीनाला बोललो नाही. तिच्या डोक्याला कशाला ताप.

१४ जुलै
जुनी पतसंस्था ठणठणीत. लोक काढलेले पैसे परत ठेवायला निघालेत. अडाणी कुठले.

१७ जुलै
नवीचं शटर बंद. ट्रेनिंग असेल.

१८ जुलै
ट्रेनिंग लांबलं.

१९ जुलै
शटरसमोर पोलीस. मॅनेजरचा फोन लागत नाही. रुचाला काय तोंड दाखवू? भीती वाटतेय, सरळ लिहितो.

२० जुलै, सकाळी
लीनाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, तुमची हालचाल दिसेना, म्हणून फी कालच भरली. तिच्या भिशीचे पैसे होते, रुचाच्या नावावर, जुन्याच पतसंस्थेत.
विचारलं, त्या दिवशी एवढी पळापळ झाली, तू का नाही काढलेस?
म्हणाली, "आले होते की काढायला. रांगेत सगळ्यात पुढं तुम्ही दिसलात. म्हटलं, मग घाबरायचं कारण नाही. परत फिरले."