मालकिणीच्या तोंडून

आई, तुला ब्लॉकचेन समजावून सांगायची म्हणजे माझीच परीक्षा आहे. तरी सांगते. सगळ्यांकडे एकच प्रत असलेली, मागून कुणाला खोडता न येणारी वही समज. साखरा गावच्या बायांनी गोदामात ठेवलेल्या हळदीची मालकी आमचा प्रोग्रॅम सांभाळतो. रस्ट नावाच्या भाषेत लिहिलाय. हळद विकायची असली, की मोबाईलवरच्या ॲपमधून त्याला सूचना जाते, अमकीची हळद तमक्याच्या नावावर कर. आता गंमत अशी, की हळद कुणाची अन् सही कुणाची, हे सूचना पाठवणाराच सांगतो. प्रोग्रॅम बिचारा भोळा, सांगाल ते ऐकेल. म्हणून मी त्याच्या दाराशी छोटी छोटी मदतनीस फंक्शनं, म्हणजे प्रोग्रॅमचेच तुकडे, बसवली आहेत. एक बघतं, हे खातं आपल्याकडचंच आहे ना. दुसरं बघतं, सही खुद्द मालकिणीची आहे ना. एकानं जरी नाही म्हटलं तरी सगळं जागच्या जागी थांबतं. एकेक फंक्शन जेमतेम चार ओळींचं असतं गं. आमच्या ऑफिसातला एक जण कालपर्यंत डोकं खात होता, सही ॲपमध्ये बघतोच की आपण, पुन्हा आत प्रोग्रॅममध्ये कशाला? मी काही ती तपासणी काढू दिली नाही. ती मुळात माझी नाहीच, तुझ्याकडून उचललेली आहे.

औंढ्याजवळच्या तांड्यावर तू नर्स म्हणून लस द्यायला जायचीस. कॉलेजच्या सुट्टीत एकदा मीही सोबत आले होते. अंगणवाडीत बाया लेकरं घेऊन रांगेत. घरोघरी सोन्या अन् बाळ्या, मग ओळख पटायची ती बापाच्या नावावरून. आणि बाया तर नवऱ्याचं नाव घेत नाहीत! एक कोवळी पोर पुढं येते. तू नाव विचारतेस, ती तोंडाला पदर लावते. मागची बाई लगेच नाव सांगून मोकळी, नेहमी असंच चालायचं म्हणे. तुझ्या हातात भरलेलं इंजेक्शन. "तू गप गं. लेकरू हिचं हाये का तुझं? हिला सांगू दे." रांग कुरकुरते, ऊन चढून राहिलंय, आणि मला मेलीला तुझीच लाज वाटते आहे, की एवढं काय अडलंय! शेवटी ती पोर भिंतीकडं तोंड करून पुटपुटते. नाव वेगळंच! मागचीनं हिच्या थोरल्या दिराचं नाव सांगितलं होतं. एका घरात दोन जावा, दोघींची लेकरं तान्ही, अन् खऱ्या नावापुढं तुझ्या वहीत नोंद, की या लेकराला मागच्या लसीनंतर झटके आले होते. तू सुई खाली ठेवलीस, याला मोठ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय टोचायचं न्हाई म्हणालीस, आणि पुढचीला हाक मारलीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझं ते थांबणं आठवलं की नवल वाटतं मला.

आज सकाळी साखऱ्याहून एकाचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, तुमचं मशीन काहून अडवून राहिलं? बायकोची हळद इकायची हाये, यापारी दारात उभा हाये." बघते तर बायकोच्या हळदीची सूचना यानं स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःची सही करून पाठवलेली. सही आहे एवढंच बघून ॲपनं ती जाऊ दिली होती! आतल्या फंक्शननं तेवढी अडवली. म्हटलं, दादा, सही त्यांचीच लागते. "अवो, मी नवरा हाये तिचा! तिनंच सांगितलं मला." मग त्यांनाच द्या फोन, म्हटलं. बराच वेळ नुसती कुजबुज. मग बाईचा आवाज, "म्या कवा सांगितलं? मला आत्ता इकायचीच न्हाई. पोरीच्या कॉलेजासाठी ठिवली म्या ती." चार ओळी गं! त्या नसत्या तर त्या पोरीचं कॉलेज यापाऱ्याच्या टेम्पोत बसून निघून गेलं असतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं ते सांगते. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बाई, बाईमाणसाला इचारल्याबिगर पुढं जायाचं न्हाई, हे कुणी ठरवलं वो?" तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण ऑफिसातले सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "सिस्टमच तशी आहे, ताई."