चहाच्या पुढे कोणी जायचं नाही

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं जरा हास्यास्पदच दिसेल. रागावलेली नाहीच मी. पण चहाच्या पिशवीबद्दल तुम्ही मला कधी काही सांगितलं नाहीत. ते मला दोन रविवारांपूर्वी कर्नाळ्याच्या वाटेवर कळलं, आणि आज आपटा गावी त्यावरून जे झालं ते सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही. ज्यांना सांगता आलं असतं त्यांना सांगून चालणार नाही.

तुमचं शनिवार संध्याकाळचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. काकू पाटावर बसून आलं ठेचतायत, तुम्ही खाकी कापडाच्या पिशवीत चहापूड आणि साखर भरताय, गवती चहाची जुडी वर डोकावते आहे. मी ओट्याला टेकून वादविवाद स्पर्धेतलं माझं भाषण दोघांना ऐकवते आहे, आणि दोघंही ऐकत नाहीयेत. काकू विचारतात, "उद्या कुणाला देणार पिशवी?" तुम्ही म्हणता, "बघू, कुणाला लागते ते." हे वाक्य माझ्या कानावर किती शनिवार पडलं असेल! मी भाषणातला पुढचा मुद्दा आठवत असायचे.

तेव्हा आपल्या रविवारच्या चालण्याला नाव नव्हतं. तुम्ही, तुमच्या शाळेतले दोघं-तिघं शिक्षक, बाजारातले कापडवाले काका, आणि कॉलेजातली मी. शिक्षकांपैकी एकाची बहीण कधी यायची, कधी नाही, त्यामुळे बहुतेक वेळा बाई म्हणून मी एकटीच. एसटीने जायचं, गड चढायचा, वर चहा करायचा, उतरायचं. नियम एकच होता. ज्याच्याकडे चहाची पिशवी तो सगळ्यांत पुढे, आणि चहाच्या पुढे कोणी जायचं नाही. पाणी, पातेलं, स्टोव्ह ही जड ओझी मागच्या दणकट लोकांकडे. पिशवी हलकी होती, पण तिचा मान मोठा होता. निदान मला तसं वाटायचं. पहिल्याच रविवारी कर्नाळ्याच्या पायथ्याशी तुम्ही ती माझ्या खांद्याला अडकवलीत आणि म्हणालात, "चल, हो पुढे." कापडवाले काका मागून ओरडले, "वक्त्या बाई, जपून! चहा सांडला तर तुमच्या भाषणाने तरतरी येणार नाही कुणाला!" मी मान वळवून त्यांना स्त्रियांच्या नेतृत्वावर चार वाक्यं सुनावली आणि पाचव्या वाक्याला मला धाप लागली. तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "चालताना बोलू नकोस. दम सगळा शब्दांत जातो." तुम्ही मला रागावल्याची माझ्याकडची आठवण तेवढीच. तेव्हा मला ती मुस्कटदाबी वाटली होती.

जवळजवळ वर्षभर पिशवी माझ्याकडे होती. मग एका रविवारी, माणिकगडाच्या पायथ्याशी, तुम्ही ती कापडवाल्या काकांना दिलीत. ते काविळीतून नुकते उठले होते, चेहरा अजून पिवळट होता. आणि मी तर त्याच सुमारास न थांबता वरपर्यंत जाऊ लागले होते. इतकं चांगलं काम केल्यावर पद काढून घेतात, हा कुठला न्याय? मी तिथेच, एसटीतून उतरल्या उतरल्या, प्रश्न विचारला. निवड कशावरून होते? कोण करतं? मतदान का नाही? सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागले. काका केविलवाणे हसले आणि तुम्हाला म्हणाले, "सर, हिला सांगू का?" तुम्ही म्हणालात, "नको." मला वाटलं, म्हाताऱ्यांची आपापसातली मिलीभगत आहे.

पुढे मी पनवेल सोडलं. चळवळीत गेले, गावोगाव बोलत फिरले, आणि ती पिशवी माझ्या भाषणांत शिरली. महिला मेळाव्यांत तर हमखास. एका शिक्षकाने एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर पुढारपण टाकलं, आणि मोठमोठे पुरुष तिच्यामागून निमूट चालले! इथे टाळ्या पडत. मीही इथे मुद्दाम थांबत असे. एकदा पनवेलच्या सभेत तुम्ही आणि काकू पहिल्या रांगेत होतात. त्या दिवशी मी हा किस्सा नेहमीपेक्षा रंगवून सांगितला. काकूंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांना भरून आलं असं समजून मी आवाज आणखी चढवला. नंतर तुम्ही मंचाजवळ आलात, पाण्याचा पेला पुढे केलात आणि म्हणालात, "छान बोललीस. पाणी पी." बाकी काही नाही. काकूंचे खांदे का हलत होते, हे मला आत्ता समजतंय.

निवृत्त होऊन परत आले तेव्हा तुम्ही दोघंही नव्हतात. तुमच्या घराच्या जागी इमारत उभी आहे, खाली मोबाइलचं दुकान. पण रविवारचं चालणं सुरू होतं. आता त्याला नाव आहे, टोप्या आहेत, मोबाइलवर ग्रुप आहे. सगळ्यांना नेणारी बाई उरणकडच्या गावातली, चाळिशीची, बंदरावर नोकरी करते. ती शाळेत असताना तुमच्यामागून चालायची म्हणे, मला ती आठवत नाही. तुमच्यानंतर काकूंनी पिशवी तिला दिली. कापड बदललंय, नियम तोच. मी परत आल्यापासून पिशवी कधी या खांद्यावर तर कधी त्या खांद्यावर पाहत आले, आणि वाटायचं, आळीपाळीने देत असतील.

दोन रविवारांपूर्वी कर्नाळ्याच्या पायथ्याशी ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "ताई, आज पिशवी तुमी घ्या." मला काय आनंद झाला! मी तिथल्या तिथे तिला जुना किस्सा ऐकवला. ती माझ्याकडे न बघता पट्टा नीट करत राहिली. उन्हाळ्यापासून माझा उजवा गुडघा दुखतो, पण हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी पुढे निघाले. सुकलेल्या पानांचा आवाज, माकडं, गडाचा सुळका अजून लांब. चढाच्या वळणावर गुडघा धरला म्हणून मी थांबले आणि मागे पाहिलं. सगळी रांग थांबली होती. कोणी झाडाकडे बघतंय, कोणी फोनकडे, कोणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतंय. माझ्याकडे एकही नजर नाही. आणि मला दिसलं की हे मी आधी पाहिलेलं आहे. याच वळणावर, एकोणिसाव्या वर्षी, धापा टाकत मागे वळले तेव्हा तुम्ही पक्षी बघत होतात, आणि कापडवाले काका, ज्यांना चिमणी आणि कावळ्यापलीकडे काही ओळखू येत नसे, तेही पक्षीच बघत होते.

वर चहा उकळत असताना मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती आधी नाय नाय म्हणाली. मग म्हणाली, "काकू बोलल्या होत्या. ज्याला दम लागतो त्याला दे, पन सांगू नको. रागावल्या काय ताई?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "तुमाला म्हाईत असंल असं वाटलेलं. तुमी तर भाषनात सांगता." मी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि चहा ढवळायला घेतला.

आता आजचं. नवीन पनवेलच्या एका मुलाने, संगणकाच्या कंपनीत आहे, चांगला मुलगा आहे, ग्रुपवर प्रस्ताव टाकला होता की दोन तुकड्या कराव्यात. एक वेगात जाणारी, एक निवांत. आपट्याला नदीकाठी पोपटी लावायच्या दिवशी ठरवू, असं ठरलं. ग्रुपवर लगेच सुरू झालं, ताई बोलतील, ताई मुद्दा मांडतील. माझं भाषण तयारही होतं. जो सगळ्यांत मागे आहे त्याच्या पावलाने चालतो तो समाज, बाकी सगळी शर्यत, हे मी आयुष्यभर ओरडून सांगत आले आणि आजही मला ते खरं वाटतं. निवांत तुकडी हे नाव किती छान आहे! त्यात टाकलेला माणूस चार रविवार येतो आणि मग घरी बसतो, कारण आपण कोण आहोत हे त्याला त्या नावाने सांगून टाकलेलं असतं. मला हे सगळं म्हणायचं होतं, आणि माझ्याजवळ सगळ्यांत मोठा पुरावा होता तो तुमच्या पिशवीचा. पण तो काढला असता तर पिशवी मेली असती. पुढच्या रविवारी ती ज्याच्या खांद्यावर गेली असती त्याला, आणि बघणाऱ्या सगळ्यांना, ती कशासाठी हे कळलं असतं. गप्प बसावं तर माझे नदीकाठचे, बाकावर बसून परतायचे रविवार सुरू होणार होते. माझ्यानंतरच्यांचेही.

पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरून, वर भांबुर्ड्याचा वासाचा रानपाला कोंबून, मडकं उपडं करून पेंढा पेटवला होता. धूर नदीकडे जात होता. तो मुलगा म्हणाला, "मावशी, कुणाला कमी लेखायचं नाहीये हो. पण दर वेळी आम्ही अर्ध्या रस्त्यात झाडं बघत उभे. किती झाडं बघायची माणसाने?" सगळे हसले, मीही हसले. मग उरणकडची ती म्हणाली, "ताई, तुमी बोला." माणसं सरसावून बसली. दोघांनी फोन वर धरले.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला पिशवी आवडते. पुढे चालायला आवडतं. कोणी माझ्या पुढे गेलेलं मला खपत नाही, कॉलेजात असल्यापासून. दोन तुकड्या केल्यात तर मी वेगवान तुकडीत येणार, पिशवी घेऊन, सगळ्यांत पुढे. विचार करा." आणि बसले.

मग त्या मुलाने कपाळावर हात मारला, "मेलो!" आणि असा हशा पिकला की पोपटी बघायला कोणी उरलं नाही. कोणी म्हणालं, ताईंना मान लागतो. कोणी म्हणालं, नेत्याच त्या, मागे कशा राहतील. शेवटी ठरलं की अवघड गडांसाठी ज्यांना हवं त्यांनी वेगळे जावं, पण रविवार एकत्र, आणि चहाच्या पुढे कोणी जायचं नाही. मत मोजायची वेळच आली नाही. पिशवी देणारी ती मडक्यावरची राख झटकत होती. माझ्याकडे बघून तिने तोंडाला ओढणी लावली, आणि तिचे खांदे हलताना मी पाहिले. या वेळी मी चुकीचा अर्थ घेतला नाही.

माझ्या सगळ्या भाषणांत हे सर्वांत छोटं झालं, आणि ते खोटं होतं असंही म्हणवत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. दाखवलं तर पिशवीचं गुपित फुटेल. वाचून झालं की फाडेन. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. आता मला माहीत आहे ती कशासाठी देतात. तरीही गेल्या रविवारी ती पुन्हा खांद्याला अडकवली, मागे सगळे थांबले, आणि माझी मान ताठ झाली.