आबांचा उतार आणि मी

३ मार्च, सोमवार

कंपनीच्या परदेशी साहेबाने मला शेजारी खुर्ची दिली — त्या क्षणी सगळं बदललं. कॉलेज अर्धवट सोडलेला मी, एकदम कंपनीचा दुभाषी! त्यांची भाषा शिकलो ती तिच्यासाठी. क्लासला ती पुढच्या बाकावर बसायची, म्हणून. आता तीही याच ऑफिसात दुभाषी, पलीकडच्या टेबलाला. आज हसली. बहुतेक माझ्याकडे बघूनच.

५ मार्च

बंदर त्यांनी घेतलं, धक्का त्यांनी बांधला, क्रेनवरची माणसंही त्यांच्याच देशातली. आपल्याकडे उरली हमाली आणि भाषांतर. आता रस्त्यासाठी आबांचा होड्यांचा कारखाना हवाय. आबांना पटवायचं कुणी? पोटच्या पोराने, म्हणजे मी! साहेब म्हणाला, घरचंच काम आहे. नाही जमलं तर दुसरा दुभाषी पाहू — हेही हसत हसत.

९ मार्च, रविवार

आबांना सांगितलं, थोडी जागा जाईल, बाकी आहे तसं. उतार बुजवणार, एवढं गिळलं. उतारच नसेल तर होडी पाण्यात लोटणार कुठून?

आबा होडीच्या फळ्यांच्या फटीत सूत ठोकत राहिले. मग म्हणाले, "साहेबाचं कळलं. तुझं काय म्हणणं?"

मी चहा मागितला. आई म्हणाली, का, कंपनीत देत नाहीत वाटतं!

१० मार्च

तिला उतारासकट सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल.

"त्यांचं बोलताना तुझा आवाजसुद्धा त्यांचा लागतो," म्हणाली.



१२ मार्च

ठरलं. नोकरी गेली खड्ड्यात! सकाळी आबांना खरं सांगणार, मग साहेबाच्या तोंडावर राजीनामा. तिच्यादेखत!

१३ मार्च

सांगितलं. आबांचा रंधा थांबला नाही. परवाच होकार दिला म्हणे. मी रेंगाळतोय म्हणून साहेबाने तिला पाठवलं होतं. तिने एक शब्द गाळला नाही, उताराचाही नाही, माझ्या नोकरीचाही नाही. वर पदरचं सांगितलं — काका, नाही म्हणालात तरी चालतं.

"मग हो का म्हणालात?"

"तुझी नोकरी राहावी म्हणून. दुसरं काय?"

आता राजीनामा कोणत्या तोंडाने देऊ?

शर्ट चढवलाय. निघतो — कामावर. दार घट्ट ओढून घेतो, नाहीतर रंध्याचा आवाज ऑफिसपर्यंत मागे यायचा.