आवाज सुटा हवा

१२ मार्च

"आवाज अगदी सुटा हवा, बरं का." निर्मात्यांचा फोन. सिनेमासाठी माझं गाणं पसंत पडलंय! गुरुवारी दुपारपर्यंत स्टेम्स द्यायचे — ढोल वेगळा, बास वेगळा, व्हायोलिनं वेगळी, आवाज वेगळा, प्रत्येकाची स्वतंत्र फाइल. विचारलं, गाणार माझी बायकोच ना? "बघू. मोठं नाव मिळालं तर बरं."

बघू म्हणजे काय, हे न कळायला मी काही दूधखुळा नाही.

बायकोला सांगितलं, गाणं पसंत पडलं. तेवढंच. तिने लगेच आईला फोन लावला.

१३ मार्च

चौदा ट्रॅक. प्रत्येक फाइल अगदी शून्यापासून निघायला हवी, नाहीतर तिकडे एकत्र लावताना एकमेकांच्या पायात पाय. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा आवाजाची उसळी दाबणारा लिमिटर बंद करायचा राहिला. स्वयंपाकघरातून हिचा आवाज — "ढोल दबलाय रे." कान आहेत का काय! सगळं पुन्हा.

सासूबाईंचा फोन. "जावईबापू, पडद्यावर नाव येईल ना हिचं?" मी म्हटलं, नीट ऐकू येत नाहीये. ठेवून दिला.

१४ मार्च

केलं. व्हायोलिनांच्या फाइलमध्ये हिचा आवाज हळूच मिसळला. हिला काढायचं तर व्हायोलिनंही जातील. आता आणा म्हणावं मोठं नाव! संशय नको म्हणून आवाजाची सुटी फाइलही ठेवलीय.

हा चोरटेपणा आहे, कळतंय मला. पकडला गेलो तर गाणंच परत येईल, आणि पुन्हा मला कोण विचारणार? पण सात वर्षं ही डमी गातेय. हिने गायचं, मग ते पुसून दुसरीने गायचं, आणि घरी येऊन म्हणायचं, "चालायचंच." मला नाही चालत. फार राग येतो. तिच्यापेक्षा मलाच जास्त.

 

१५ मार्च

पाठवायला बसलो तर फाइल्स सकाळीच गेलेल्या. हिने पाठवल्या. व्हायोलिनं पुन्हा काढलीत, स्वच्छ. आवाजाच्या फाइलला नाव दिलंय — "डमी, काढून टाकावा".

बाहेर आलो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हायोलिनांत मी ऐकू येत होते. गाणं तरी तुझं राहू दे."