सहा लाखांत संडास बसतो का

१२ जानेवारी २०२५, रविवार

गाडी घ्यायची ठरली. जुनी. कंपनीची माणसं ने-आण करते ना, तसली तेरा सिटांची. आतल्या सिटा काढायच्या, पलंग करायचा, कपाट करायचं आणि डोंगरावर जाऊन चहा प्यायचा. असं दादासाहेबांच्या डोक्यात आहे. (तोंडावर 'अहो', वहीत दादासाहेब. सगळं निघोजे गाव नवऱ्याला दादासाहेब म्हणतं, मग मीच काय घोडं मारलंय?)

बजेट सहा लाख. तीन माझे – एक लाख ऐंशी हजार भिशीचे, एक लाख वीस खोल्यांच्या भाड्यातून बाजूला काढलेले. तीन त्यांचे, प्लॉटिंगच्या धंद्यातले. म्हणजे कुठून आले ते विचारायचं नाही.

त्यांना वाटतंय कल्पना त्यांची. गाडीत संसार करणाऱ्या नवरा-बायकोचा व्हिडिओ मी मोबाईलवर तीन वेळा त्यांच्यासमोर लावून ठेवला. चौथ्यांदा स्वतःच म्हणाले, आपण अशी गाडी केली तर? मी म्हणाले, तुम्हाला कसं हो सुचतं असलं.

खरी गोष्ट अशी की मला गाडीत संडास पाहिजे. बाकी काही नसलं तरी चालेल.

१३ जानेवारी

काल अर्धवट राहिलं. संडास सासूबाईंसाठी.

गेल्या वर्षी आकुर्डीला लग्न होतं. परत येताना मोशीच्या पुलाअलीकडे दीड तास अडकलो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. सासूबाई माझा हात दाबत होत्या. मला वाटलं दमल्या. मग सीटकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या, जणू पुढच्या ट्रेलरचा नंबर पाठ करायचाय. एकाहत्तर वर्षांची बाई, पैठणी नेसलेली. मी पाण्याची बाटली उघडली आणि दोघींच्या मांडीवर ओतली. दादासाहेब सीटकव्हरवरून घरापर्यंत बोलत होते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस. शपथ घातली. मग गुडघ्याचं नाव सांगून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्या दिल्या, व्यायाम दिला. फरक पडला, पण अर्ध्या तासाच्या पुढे भरवसा नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला – सहा वर्षं ह्या कुठे गेल्याच नव्हत्या. ते लग्न सोडलं तर. "मला घर सोडून करमत न्हाई" म्हणायच्या. गावाला वाटतं म्हातारी हेकट. मलाही वाटायचं. लाज वाटते आता.

१९ जानेवारी, रविवार

पिंपळे गुरवला दोन गाड्या बघितल्या. पहिली जुनी ॲम्ब्युलन्स. तीन लाख साठ, उंची चांगली, माणूस आत ताठ उभा राहतो. दादासाहेब चढलेसुद्धा नाहीत. मी आत जाऊन आडवी झाले, पाय पुरतात का बघायला. बाहेर आले तर गाडीवाल्याने न मागता पाणी दिलं.

दुसरी ठीक होती. मालक पावणेपाचवर अडलाय.

२५ जानेवारी

चार लाख दहाला घेतली. दुसरीच. तीन लाख किलोमीटर चाललीय आणि चाकण ते पिंपळे गुरव ह्यापलीकडे काही बघितलेलं नाही. आमचं जमणार.

सासूबाईंनी चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. ह्यात काय करणार म्हणून विचारलं. मी कानात सांगितलं. त्या उठून आत निघून गेल्या. मला वाटलं चुकलंच माझं. संध्याकाळी मेथी निवडताना मान वर न करता म्हणाल्या, "पडदा का दार?"

दार, मी म्हणाले. आतून कडी.

चार जुड्या निवडून झाल्यावर म्हणाल्या, "आन् आवाज?"

आवाजाचा मी विचारच केला नव्हता.

२ फेब्रुवारी, रविवार

काम दत्तोबांना दिलंय. आमच्या वाडीच्या टोकाला त्यांची शेड आहे, कंपन्यांना ट्रॉल्या नि रॅक बनवून देतात. माणूस कमी बोलतो, त्यामुळे भाव करायला अवघड. आपण आकडा सांगायचा, ते गप्प. आपण वाढवायचा, ते गप्प. मी सात हजारांनी वर गेल्यावर कळलं की ते नुसता विचार करत होते.

शेगडी मी पहिल्याच दिवशी यादीतून कापली. दादासाहेबांना डोंगरावर गरम भाकरी पाहिजे होती. मी म्हणाले, घर सोडून जायचं आणि तिथेही मीच थापायच्या, मग घर सोडायचं कशाला? वडापाव खा. दत्तोबांना खोकला आला. खोकला नव्हता तो.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी कुठे? दादासाहेब कोकण म्हणाले. सासूबाई ताटावरून उठता उठता म्हणाल्या, "फलटण."

दादासाहेब बघतच राहिले. फलटणला कुसुममावशी, सासूबाईंची धाकटी बहीण. सहा वर्षं दोघींचा अबोला आहे. सासरे गेले तेव्हा मावशी आल्या नाहीत, मुलाला पाठवलं. मग मावशींच्या धाकट्या लेकाच्या लग्नाला सासूबाई गेल्या नाहीत, आम्हाला पाठवलं. तेव्हापासून फोनसुद्धा नाही. सासूबाई स्वतः लग्नाला का गेल्या नाहीत ते आता मला माहीत आहे. पण मावशी भावजींच्या मातीला आल्या नाहीत, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत. विषय निघाला की पदराने तोंड पुसतात, बस.

तरी स्वतःहून फलटण म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज हिशोबाला बसलो. गाडी चार लाख दहा. कागदपत्रं, पिवळी पाटी जाऊन पांढरी, आतल्या बदलाची परवानगी, एजंट धरून अठ्ठावीस हजार. दोन टायर अठरा. पलंग, कपाट, फ्लोरिंग सत्तर. दिवे-पंखे-बॅटरी सव्वीस. उरले अठ्ठेचाळीस हजार. संडासाची केबिन, टाकी, पाइप, धरायला दांडा, चढायला घडीची पायरी – दत्तोबांचा आकडा सेहेचाळीस. मला तर वाटलं देवच भेटला.

तेवढ्यात दादासाहेबांच्या खिशातून कागद निघाला. साऊंड. पंचेचाळीस हजार. मागे एवढा मोठा डबा बसतो म्हणे, गाणं लागलं की बरगड्या हलल्या पाहिजेत.

मी म्हणाले संडास. ते म्हणाले, पंपावर असतो की. मी विचारलं, पंपावरचा बायकांचा बघितलाय का कधी? मी कशाला बघू, म्हणाले. मी म्हणाले, तेच. ह्या लोकांना अख्खा महाराष्ट्र मोकळा. झाड दिसलं की गाडी थांबते.

मग त्यांनी विचारलं, तुला एवढा संडास का लागलाय?

शपथ आठवली. हिशोबाची वही मिटली. भांडण अर्धवट सोडायची मला सवय नाही.

२० फेब्रुवारी

चार दिवस बोलणं बंद. 'वाढ' म्हणायला नको म्हणून ताट सरकवतात. मी मात्र दत्तोबांना केबिनचं काम सुरू करायला सांगून टाकलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दत्तोबांचा फोन. साहेब शेडवर आलेत, केबिनचा सांगाडा काढा म्हणतात, तिथे स्पीकरचा डबा बसवायचाय. काढू का, वहिनी?

मी चप्पल घातली. सासूबाई ओसरीवर होत्या, त्यांनी फोन ऐकला असणार. "मीबी येते," म्हणाल्या. गुडघे धरत, थांबत थांबत आल्या. मी वाटभर खोटं जुळवत होते. मला साखर झालीय म्हणून सांगायचं. मलाच सारखं जावं लागतं म्हणायचं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला साखर होऊ शकते.

शेडमध्ये दादासाहेब टेप धरून उभे. मी सुरू केलं, अहो, तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मला डॉक्टरांनी... सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"दादा, ते ऱ्हाऊ दे. मला लागतंय."

दादासाहेब हसून म्हणाले, "आई, तू कशाला मधी पडती हिच्यासाठी?"

"हिच्यासाठी न्हाई. मला धरवत न्हाई, दादा. सहा वर्सं झाली."

दत्तोबांनी मशीन बंद केलं. चहा सांगून येतो म्हणाले आणि अर्धा तास आले नाहीत. चहाही आला नाही.

दादासाहेबांच्या हातातली टेप सटकन आत गेली. मग विचारलं, "मोशीला?" सासूबाईंनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीवरचे लोखंडाचे तुकडे मोजत होते.

एवढंच. कुणी रडलं-बिडलं नाही. येताना त्यांनी आईला बुलेटवर बसवून आणलं, सायकलपेक्षा हळू. मी मागून चालत. मला कुणी विचारलंच नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना म्हणाले, मला का नाही सांगितलंस? शपथ होती, मी म्हणाले. "मी त्या सीटकव्हरवरून..." म्हणाले आणि उठले. कप स्वतः विसळून ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा बघितलं. नीट विसळला नव्हता.

२ मार्च, रविवार

नवा ताप. आता साहेबांना संडासात एक्झॉस्ट फॅन पाहिजे, आरसा पाहिजे, साबणाला जाळी पाहिजे, खाली पाय घसरू नये म्हणून खरखरीत रबर पाहिजे. रोज शेडवर जाऊन बसतात. दत्तोबा म्हणाले, वहिनी, साहेबांना घरी ठेवा, काम लवकर होईल. बजेट अकरा हजारांनी फुटलं. वरचे मी देणार नाही म्हणून सांगितलं. स्वतःच्या खिशातून दिले, आणि हूं की चूं नाही.

आवाजाचंही त्यांनी काढलं. नऊशे रुपयांचा छोटा स्पीकर आणलाय. दार लागलं की पुढून गाणं लावायचं. आईला विचारलं, कुठलं लावू? त्या म्हणाल्या, भजन नको. तिथं भजन बरं दिसत न्हाई.

१२ मार्च

पासिंग झालं. पांढरी पाटी.

सासूबाईंनी उभ्या गाडीत तीनदा तालीम केली. कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर येऊन म्हणाल्या, घरच्यापरीस बरं हाय. खरंय. घरातल्याला आरसा नाही.

१६ मार्च, रविवार. फलटण

पोचलो. साडेचार तास लागले. मोशी ओलांडायच्या आधीच पहिली फेरी – "बगून घेते" म्हणून. दादासाहेबांनी इतक्या जोरात गाणं लावलं की शेजारचा टँकरवाला ठेका धरायला लागला. दुसरी फेरी सासवडला. मग मात्र त्या विसरूनच गेल्या. खिडकीला बसल्या, भुईमूग खाल्ले, टरफलं माझ्या मांडीवर टाकली. जेजुरी गेली तेव्हा गाडीतूनच हात जोडले. नीरेच्या पुढे ऊस बघून म्हणाल्या, हितं लई बदललंय. मग स्वतःच म्हणाल्या, मीच आले न्हाई.

मावशींकडचं मात्र बिनसलं. मावशी दारात खुर्ची टाकून बसलेल्या. उठल्या नाहीत.

"सहा वर्सांनी वाट घावली व्हय?"

"तू तरी कुठं आलीस? ह्येंच्या मातीलाबी न्हाई."

मावशींनी तोंड फिरवलं. सुनेने चहा आणला, दोघींच्या कपांवर साय धरली. दादासाहेब टायर बघायच्या निमित्ताने बाहेर पळाले. मी दोघींच्या मधे बसून खारी खाल्ली. सात. पीक कसं, पाणी कधी येतं, सगळे विषय संपले. जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, उद्या सकाळी निघू.

सहा लाख अकरा हजार घालून दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या. झोपायला सासूबाई घरात नको म्हणाल्या, गाडीतच.

१७ मार्च

सकाळी मावशी गाडी बघायला आल्या. बघायला म्हणजे नावं ठेवायला. पलंग अरुंद, कपाट हलतंय. मग ते दार उघडलं. आत बघत उभ्या राहिल्या. दांडा धरून बघितला. कडी लावली, काढली. मला विचारलं, हे कुणासाठी? मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, माझ्यासाठी.

मावशी तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "आक्का, मातीला मीबी त्येच्यामुळंच आले न्हाई गं."

आमच्याबरोबर यायची पिशवी भरायला मावशींना दहा मिनिटं लागली.