तिकिटापुढचं पान

आटपाडी, गुरुवार

प्रिय नागसेन भाऊजी यांस येसूवहिनीचा जयभीम.

पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नका, नर्सला सांगा. तुमच्या सोबतीला आलेल्या दीक्षाला म्हणावं, घर झाडलेलं आहे, म्हैस दूध देते, कोंबड्या सगळ्या आहेत. डाळिंबांचं शेवटी लिहिते. (तुम्ही आताच खाली बघितलं, मला ठाऊक आहे. तर लिहितेच.)

भाऊजी, तुमच्या डाळिंबाच्या बारा झाडांपैकी सात मी उभ्या जागी भाजली.

"वहिनी, नुसतं पाणी सोडा, दुसरं काही करू नका," असं तुम्ही मिरजेच्या दवाखान्यात जाताना बजावलं होतं. पण फळं तडकायला लागली आणि मी आमच्या ह्यांचं, तुमच्या आण्णांचं, शेतीचं पुस्तक काढलं. त्यात छापलंय की बोरॉन कमी पडलं की डाळिंब तडकतं. जनावरांच्या हाडांनाही ते किंचित लागत असावं, असंही त्यात आहे. मी पुड्यांचे कागद वाचत अक्षर शिकलेली बाई, छापलेलं सगळं मला खरंच वाटतं. आता बोरॉन आणायचं कुठून? तर फळीवर आण्णांचा मंडळाच्या कॅरमच्या पावडरीचा मोठा डबा, त्यावर 'बोरिक' लिहिलेलं. दोघं एकाच घरातली, असं मी धरलं. (ते बरोबर निघालं. चुकलं ते माप.) तीन वर्षं त्या डब्याला कुणाला शिवू दिलं नव्हतं, आणि त्या दिवशी जत्रेच्या भाताला मीठ टाकावं तशी सढळ हातानं ती पावडर बुंध्यांशी टाकली. डबा संपला म्हणून पाच झाडं वाचली.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. शेजारचा धनाजी बांधावरून म्हणाला, "येसाक्का, झाडांला बिडी वडाय शिकिवलं का काय?" मी म्हटलं, ऊन लय हाय. (सावलीतल्या झाडाचीही पानं करपली होती.) शेवटी कृषी सहायक रेश्माला बोलावलं. तिनं पुस्तक मागितलं, पान उलटलं आणि पहिलीच ओळ वाचली: मात्र थोडं जास्त झालं तर हेच बोरॉन झाडाला विष. "मावशी, पान उलटायचं न्हाई व्हय?" आता रोज भरपूर पाणी सोडते, त्यानं ते खाली निघून जातं म्हणे. झाडं जगतील की नाही, ते नवी पालवी सांगेल.

पान का उलटलं नाही, ते तिला बोलले नाही. तुम्हाला सांगते. तीन वर्षांमागं आण्णा त्या शेवटच्या दवाखान्याच्या खेपेला एसटीत तेच पुस्तक वाचत होते. पुस्तक परत आलं. त्यात त्या पानावर एसटीचं तिकीट आहे. त्यांची सगळी पुस्तकं मी त्यांच्या खुणेपर्यंतच वाचते. पुढं गेले तर त्यांना मागं टाकल्यासारखं वाटतं.

त्याची शिक्षा तुमच्या झाडांना झाली. रागवा, पण दीक्षासमोर नको.

तुमची वहिनी,
येसूबाई

ता. क. मागच्या आठवड्यातले डिंकाचे लाडू खुशाल खा. हाडांसाठी त्यात चिमूटभर पावडर घालायचं मनात आलं होतं. शहाणपणानं नव्हे, डबा संपला म्हणून घातली नाही.

आणखी एक. चौथ्या झाडाच्या बुडाशी दोन हिरवी पानं आली आहेत. धनाजी म्हणतो, तण आहे.

आणि ज्यासाठी लिहायला बसले ते. ह्या पत्रासोबतच्या जेवणाच्या पिशवीत पुस्तक ठेवलंय. संध्याकाळी फोन लावा आणि तिकिटापासून पुढं मोठ्यानं वाचा, मी ऐकते. वाचाल तसं तिकीटही तुम्हीच पुढं सरकवा, माझा हात होत नाही. परत पाठवताना मात्र ते आतच असू द्या.