आजीवकांची पाच अक्षरं

प्रिय भिंगरी,

या नावानं तुझ्या कपाळाला आठी पडणार, ठाऊक आहे मला. पडू दे. छत्तीस वर्षांची, चष्मा लावणारी, हाताखाली बारा माणसं असलेली बाई तू. पण मला आठवते ती स्वतःभोवती फिरफिरून धपकन पडणारी आणि पडल्यावर माझ्यावरच चिडणारी पोर. तुझं पाकीट मंगळवारी आलं. एकतीस वर्षांत तू मला पाठवलेलं पहिलं पत्र, तेही टाइप केलेलं, आणि त्यात मला चक्क 'आपण' म्हटलेलं. 'आपणांस कळविण्यात येते की.' अगं, पाणी बंद राहणार म्हणून नोटीस लावतात ना, तिच्यातसुद्धा शेवटी तसदीबद्दल क्षमस्व असतं.

असो. तुला काय हवंय ते कळलं. तू नवऱ्यापासून वेगळी होते आहेस, लेक तुझ्याकडेच राहावी आणि त्यानं तिला भेटूही नये असं तुझं म्हणणं. घरात सांभाळायला कुणी वडीलधारं दिसलं तर बरं, असं वकील म्हणाले. आत्या आता राहिली नाही, म्हणून माझी आठवण झाली. माझं निवेदन तूच तयार करून पाठवलंस, दोन पानं, खाली सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. त्यात माझ्या तोंडी लिहिलंस की माझ्या माहितीप्रमाणे जावई वर्षभर दर शनिवारी कुण्या बाईकडे जातो, पोरीलाही बरोबर नेतो, आणि गेल्या महिन्यात चौदा तारखेला तर ती तापानं फणफणलेली असताना तिला तिकडे घेऊन गेला. शुक्रवारपर्यंत परत पाठवायचं, सोमवारी कोर्टात तारीख. सही केली तर दर रविवारी चार ते सहा मला नातीला भेटता येईल. हे मात्र तू खाली पेनानं लिहिलंस. तुझं मोठेपणीचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. उकार फार लांब ओढतेस. दोन दिवस कागद टेबलावर आहे. खोटं कशाला बोलू, एकदा पेनाचं टोपणही काढलं होतं.

मी पोटासाठी काय करते, हे तुला नीट कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे. तुझे बाबा चारचौघांत म्हणायचे, आमची ही दगड चाटते. संग्रहालयाच्या तळघरात आमची कार्यशाळा आहे. खिडक्या इतक्या उंच की त्यातून फक्त रस्त्यानं जाणाऱ्यांचे बूट दिसतात. दूरदूरच्या मूर्ती आणि शिलालेख यांच्या प्लॅस्टरमधल्या हुबेहूब नकला मी करते. बोटं तुटलेले बुद्ध, नाक उडालेले राजे, खांबांवरचे सिंह, सगळे माझ्या हातून गेले. साम्राज्यं भलेही मोठमोठी असतील, माझ्या बादलीत सगळ्यांचं प्लॅस्टर एकच. तू पाच वर्षांची असताना मला एका डोंगरातल्या गुहेच्या दारावरचा लेख उतरवून आणायला पाठवलं. मौर्यांच्या काळी, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, राजानं कठीण दगडात गुहा खोदवल्या, आतल्या भिंती अशा घासून घेतल्या की आजही त्यात तोंड दिसावं, आणि त्या आजीवक नावाच्या पंथाच्या साधूंना राहायला दिल्या. बुद्ध आणि महावीर यांच्या वेळचाच हा पंथ. पुष्कळ शतकं टिकला, मग नाहीसा झाला. त्यांचा स्वतःचा एकही ग्रंथ उरला नाही. ते काय मानायचे, कसे वागायचे, हे कळतं ते त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांनी लिहून ठेवलं त्यावरून. आमचे लिपीसाहेब, म्हणजे जुनी अक्षरं वाचणारे आमचे अधिकारी, मला हे शिडीच्या पायथ्याशी बसून समजावून सांगायचे. म्हणे आजीवक असं मानायचे की सगळं आधीच ठरलेलं आहे, माणसानं धडपडून काही उपयोग नाही. म्हणे ते ढोंगी होते. सगळं आपलं 'म्हणे'. मला त्या माणसांची फार कणव यायची, आणि लवकरच माझी गतही तीच झाली. तूही मला ओळखतेस ती बाबांच्या आणि आत्याच्या 'म्हणे'वरूनच ना?

सहा आठवड्यांचं काम होतं. मी निघाले तेव्हा तू ठणठणीत होतीस, हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. मी परत यावं म्हणून तू तुझी एक चप्पल माझ्या बॅगेत कोंबत होतीस. ताप तुला आला तो मी गेल्यावर आठव्या दिवशी. मला कुणी कळवलं नाही. डोंगराखालच्या चौकीवर फोन होता, नंबर मी फ्रिजच्या दारावर चिकटवून गेले होते. परत आले तर घराचं कुलूप बदललेलं. बाबांनी कोर्टात अर्ज केला होता आणि त्याला तुझ्या आत्याचं निवेदन जोडलं होतं. माझ्या माहितीप्रमाणे ही बाई तापानं फणफणलेल्या मुलीला टाकून परपुरुषांबरोबर डोंगरात गेली. परपुरुष कोण? तर दम्यामुळे दहा पायऱ्या चढल्या की खाली बसणारे लिपीसाहेब आणि शिडी धरणारा म्हातारा हमाल! आज हसू येतं, तेव्हा नाही आलं. ज्या नणंदेच्या बाळंतपणात मी दोन महिने तिचे कपडे धुतले, तिनं त्याखाली सही केली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय म्हणायचं? कोर्टानं तुला बाबांकडे दिलं.

त्याच महिन्यात मी त्या लेखाची नक्कल ओतली. ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवला की वाळताना तो अक्षरं धरून ठेवतो. त्यावरून साचा, आणि साच्यात प्लॅस्टर. प्लॅस्टरमध्ये बुडबुडे राहतात, त्यांचे खळगे पडतात, ते आम्ही भरून घोटून घेतो. हाताला सवयच असते. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मधे एका जागी खडबडीत खळगे दिसले, मी ते भरले आणि मस्त गुळगुळीत केले. लिपीसाहेबांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ते खळगे बुडबुड्यांचे नव्हतेच. राज्याभिषेकाला बारा वर्षं झाल्यावर राजानं ही गुहा आजीवकांना दिली, असा तो लेख; त्यातली 'आजीवकांना' एवढीच पाच अक्षरं कुणीतरी कधीतरी छिन्नीनं फोडून काढली होती. राजाचं नाव शाबूत, गुहा शाबूत, साल शाबूत. दिली कुणाला तेवढंच गायब. हे कुणी केलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. लिपीसाहेब मला रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, बाई, फोडणाऱ्यानं निदान जखम तरी ठेवली होती, तुम्ही तीही बुजवलीत. ती नक्कल फोडून मला पहिल्यापासून करावी लागली.

घरच्या बाबतीतही मी तेच केलं, फक्त तिथं फोडून पुन्हा करायची सोय नव्हती. महिन्यातून एकदा कोर्टाच्या एका खोलीत तुला भेटायचं ठरलं होतं. प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, एक टेबल, दाराशी पेपर वाचणारा शिपाई. तिसऱ्या वेळी तू टेबलाखाली शिरलीस आणि ओरडलीस की मला नको ही बाई, हिला चुन्याचा वास येतो. शब्द आत्याचे, तोंड तुझं. मी शिपायाला सांगून टाकलं की आता मी येणार नाही, पोरीला उगाच त्रास. सगळ्यांना वाटलं काय मोठ्या मनाची बाई. कसलं मोठं मन! माझा अहंकार दुखावला होता, बास. लोक म्हणाले वरच्या कोर्टात जा, मी मूग गिळून बसले. मुलीजवळ तिच्या बापाची निंदा करायची नाही असं ठरवलं आणि त्या गप्प बसण्याचाच अभिमान धरला. गेल्या वर्षी तुझे बाबा गेले, तेव्हा शोकसभेला मी मागच्या रांगेत होते. तू माइकवर म्हणालीस की माझे बाबाच माझी आई होते. लोक हुंदके देत होते. शेजारच्या बाईनं मला रुमाल पुढे केला आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या का? मी हो म्हणाले.

तुझा राग येतो का? येतो, का नाही येणार! टेबलाखालच्या पोरीचा नाही येत. पंचविशीत नोकरीला लागलेल्या, आठवड्यातून दोनदा संग्रहालयासमोरच्या रस्त्यानं गाडी नेणाऱ्या बाईचा येतो. एकदा थांबून विचारायला काय जड होतं? शिव्या द्यायला तरी यायचं होतंस. आणि आता कागद पाठवतेस, त्यातली वाक्यंसुद्धा माझ्या ओळखीची. तीच 'माझ्या माहितीप्रमाणे', तोच 'तापानं फणफणलेली'. वकील बाबांचेच आहेत ना, की त्यांचा मुलगा? जुनी फाईल काढून माणसं बदलली असतील. आत्याच्या जागी मी, माझ्या जागी जावई, तुझ्या जागी तुझी लेक. तुला हे माहीत नसावं असं मी धरून चालते, नाहीतर मला जगणं कठीण होईल. आणि तरीही, भिंगरी, मी टोपण काढलं होतं. दर रविवारी दोन तास, राजरोस, पुढच्या दारानं, चांगली साडी नेसून. तुझ्या हातचा चहा मिळाला असता कदाचित. मला ते इतकं हवं आहे की माझीच मला लाज वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ती शनिवारची बाई मी आहे. तुझे बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी तुझा नवरा लेकीला कडेवर घेऊन आमच्या तळघरात उतरला आणि म्हणाला, हिला एक आजी आहे हे हिला कळायला हवं. तुला सांगणार म्हणत होता. मीच हात जोडले, शपथ घातली, म्हटलं सांगू नकोस, ती तुम्हाला दोघांनाही माझ्याकडे फिरकू देणार नाही. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ती माझ्याकडे येते आणि माझ्या स्टुलावर बसून प्लॅस्टरमध्ये कोपरापर्यंत हात घालते. आजी म्हणायला मी तिला शिकवलं नाही. घरी तोंडातून निघालं तर, या भीतीनं. ती मला 'बाई'च म्हणते. चौदा तारखेला आली तेव्हा नुसती मलूल होती, ताप चढला तो इथं. औषध मी धावत जाऊन आणलं. तुझा नवरा गोण्यांवर बसला, ती त्याच्या मांडीवर झोपली, आणि तिला जाग येईल म्हणून त्यानं तीन तास पाय हलवला नाही. उठला तेव्हा लंगडत होता. एवढीच काय ती आमची भानगड. तू त्याच्यावर नको तो आळ घेतलास आणि तो माझ्या शपथेपायी तोंड मिटून बसला. गेले चार शनिवार आला नाही, तर मी खुळी, त्याला काम असेल म्हणून वाट पाहत राहिले. त्याच्याशी पटत नसेल तर खुशाल वेगळी हो, मी मधे पडणार नाही. पण सोमवारी मी कोर्टात येणार आहे आणि हे सगळं उभी राहून सांगणार आहे. त्यानंतर माझा शनिवारही जाईल आणि रविवारही, हे मी जाणून आहे. ते तुला तिथं, चार परक्या माणसांसमोर पहिल्यांदा कळू नये, म्हणून आज लिहिलं. कागद सही न करता परत पाठवते आहे. आणि एक, ताप यायच्या आधी ती डावा कान ओढत बसते. तूही तेच करायचीस. लक्ष ठेव.

तुला नको असले तरी तुझीच,
आई